वेस्ट यलोस्टोनमध्ये फ्लाय फिशिंगचे भरवशाचे दुकान कसे ओळखावे?

सह्याद्रीपार:

नमस्कार. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पत्नी आणि १४ वर्षांची मुलगी यांच्यासह यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहायला जाण्याचे ठरले आहे. मुक्काम उद्यानाच्या पश्चिम प्रवेशद्वाराशी, मोंटाना राज्यातल्या वेस्ट यलोस्टोन या गावात असेल. मी न्यू जर्सीत राहतो. तिथल्या लहान नद्यांवर फ्लाय रॉडने, म्हणजे गळावर कीटकासारखी दिसणारी कृत्रिम ‘फ्लाय’ लावून, ट्राउट मासे धरण्याचा छंद काही वर्षांपासून आहे, त्यामुळे लाइन फेकणे आणि गाठी मारणे जमते. पश्चिमेकडच्या रुंद, ओढ असलेल्या आणि थंड नद्यांचा अनुभव मात्र मुळीच नाही.

अडचण दुकानाची आहे. जेमतेम हजार-दीड हजार वस्तीच्या या गावात फ्लाय फिशिंगची अनेक दुकाने आहेत. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर मोठा मासा हातात धरलेली तीच छायाचित्रे आहेत, आणि ‘आम्हाला इथली नदी ठाऊक आहे’ असे प्रत्येक जण म्हणतो. ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवरून काही ठरवावे, तर सगळ्यांनाच साडेचारच्या वर तारे आहेत. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने चांगले दुकान कशावरून ओळखावे? साहित्य घरून न्यावे की तिथे भाड्याने घ्यावे? गाईड करणे आवश्यक आहे का? माझा मुख्य बेत उद्यानातल्या फायरहोल नदीचा आहे, कारण घरच्यांना ओल्ड फेथफुल आणि इतर गरम झरे पाहता येतील आणि तेवढ्या वेळात मला नदीवर उभे राहता येईल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गॅलॅटिनकाठ:

मी मोंटानातल्याच बोझमनला राहतो आणि दर उन्हाळ्यात कोणा ना कोणा पाहुण्याला घेऊन वेस्ट यलोस्टोनला जाणे होतेच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी फायरहोलबद्दल बोलू, कारण दुकान पारखण्याची सर्वांत सोपी रीत तुमच्या त्या बेतातच आहे.

फायरहोलमध्ये ओल्ड फेथफुलच्या परिसरातल्या असंख्य गरम झऱ्यांचे पाणी मिसळते. जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती नदी फार सुंदर मासेमारी देते. जुलैच्या मध्यापर्यंत मात्र दुपारचे पाणी इतके तापते की ट्राउटला ते सोसत नाही. साधारण ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियसच्या वर पाणी गेले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि गळाला लागून दमलेला मासा आपण कितीही हळुवारपणे सोडला तरी तो जगेल याची खात्री राहत नाही. त्या दिवसांत फायरहोलमधले मासे थंड उपनद्यांच्या तोंडाशी गोळा होतात. तिथे ते सहज सापडतात, आणि नेमक्या याच कारणासाठी तिथे गळ टाकू नये. काही उन्हाळ्यांत उद्यान प्रशासन अशा तापलेल्या नद्यांवर दुपारी २ नंतर मासेमारीला मनाई करते, तर कधी त्या पूर्णपणे बंद ठेवते.

तेव्हा दुकानात शिरल्यावर सरळ सांगावे, ‘उद्या दुपारी फायरहोलवर जाणार आहे, कोणत्या फ्लाय घेऊ?’ जो विक्रेता लगेच डबी उघडून डझनभर फ्लाय मोजू लागेल, त्याचे आभार मानून बाहेर पडावे. जो हात थांबवून ‘फायरहोल सप्टेंबरवर टाका, सध्या दुसरीकडे पाहू’ असे म्हणेल, त्याच्याकडून चार वस्तू अवश्य घ्याव्यात. स्वतःची विक्री थोडी लांबली तरी गिऱ्हाइकाला चुकीच्या नदीवरून परत फिरवणारे दुकान तेच खरे. माल सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

दुसरी खूण म्हणजे दुकानदाराचे प्रश्न. चांगला विक्रेता ‘काय हवे?’ असे विचारण्याआधी तुम्ही याआधी कोणत्या पाण्यावर उभे राहिला आहात, ओढीत चालण्याची सवय आहे का, किती मैल पायी जाण्याची तयारी आहे, सोबत कोण आहे आणि पहाटे उठणार का, हे विचारतो. मग काउंटरवर नकाशा पसरून पेन्सिलीने खुणा करतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यासाठी तो बहुधा दोन-तीन दिशा दाखवील. एक, उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यातून १९१ क्रमांकाच्या महामार्गालगत वाहणारी गॅलॅटिन. ती उंचावरची आणि थंड असल्यामुळे भर उन्हाळ्यातही तग धरते, शिवाय गाडी रस्त्याकडेला लावून पाण्यात उतरता येते. दुसरी, ईशान्येकडची लामार, स्लू क्रीक आणि सोडा ब्युट क्रीक. वितळलेल्या बर्फाचा गढूळ लोंढा ओसरून हे पाणी साधारण याच सुमारास निवळते, आणि तिथे यलोस्टोनची मूळची कटथ्रोट ट्राउट मिळते. वेस्ट यलोस्टोनहून तिथे पोचायला दोन तासांहून अधिक लागतात आणि वाटेत गवे रस्ता अडवून उभे राहिले तर किती लागतील ते सांगता येत नाही, पण जुलैच्या अखेरीस नाकतोड्याच्या आकाराची फ्लाय काठाला धरून सोडण्यात जी गंमत आहे ती फायरहोलच्या कोमट पाण्यात मिळायची नाही. तिसरी दिशा उद्यानाबाहेरची, क्वेक लेकच्या खालची मॅडिसन. १७ ऑगस्ट १९५९ च्या भूकंपात डोंगराचा कडा कोसळून नदी अडली आणि तो तलाव तयार झाला.

इथे परवान्याचा मुद्दा येतो आणि पाहुणे नेमके इथेच गोंधळतात. उद्यानाच्या हद्दीत राज्याचा परवाना चालत नाही. तिथे उद्यानाचा स्वतंत्र परवाना लागतो, ज्याचे शुल्क सध्या ३ दिवसांना ४० डॉलर, ७ दिवसांना ५५ डॉलर आणि पूर्ण हंगामाला ७५ डॉलर आहे. क्वेक लेकच्या खालच्या मॅडिसनवर मात्र उद्यानाचा परवाना निरुपयोगी ठरतो आणि मोंटानाचा परराज्यातल्यांसाठीचा परवाना काढावा लागतो. तुम्ही कोणत्या दिवशी हद्दीच्या कोणत्या बाजूला असणार, हे विचारल्याशिवाय जे दुकान परवाना विकायला निघते, त्याच्या बाकीच्या सल्ल्याबद्दलही मला शंका वाटते.

जुना गळ:

वरचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरी दुकानांना इतके महत्त्व देण्याचे मला कारण दिसत नाही. उद्यानाची नियमावली संकेतस्थळावर फुकट वाचता येते. नद्यांचा प्रवाह आणि बऱ्याच ठिकाणचे तापमान अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या मापनकेंद्रांवरून जवळजवळ तत्क्षणी कळते, म्हणजे फायरहोल तापली आहे की नाही हे न्यू जर्सीतल्या खुर्चीत बसूनही पाहता येईल. फ्लायचे म्हणाल, तर पॅराशूट ॲडम्स, एल्क हेअर कॅडिस, फेझंट टेल निम्फ, एखादी मुंगी आणि एखादा नाकतोडा, या गळाच्या १२ ते १८ क्रमांकांत घेतल्या की रॉकी पर्वतातल्या बहुतेक पाण्यांवर काम भागते, आणि त्या घराजवळच्या दुकानातही मिळतात.

दुकानांचा धंदा विक्रीचा आहे हे विसरू नये. दुसऱ्या एका राज्यात माझ्या मित्राला नदीकाठच्या एका दुकानाने ‘इथे याशिवाय जमणार नाही’ असे सांगून नवा रॉड विकला, आणि त्याच्याकडचा जुना ९ फुटी ५ वजनाचा (म्हणजे ५ क्रमांकाच्या लाइनसाठीचा) रॉड गाडीच्या डिकीत तसाच पडून राहिला. गाईडचा खर्च दोन माणसांच्या पूर्ण दिवसाला सहज ६०० डॉलरच्या वर जातो, वर बक्षिसी वेगळी. ज्याला लाइन फेकता येते त्याने तेवढ्या पैशात आणखी दोन दिवस मुक्काम वाढवावा.

गॅलॅटिनकाठ:

@जुना गळ, रॉडच्या बाबतीत आपल्याशी पूर्ण सहमत आहे. ९ फुटी ५ वजनाचा रॉड असेल तर या सहलीसाठी दुसरा घेण्याचे कारण नाही, आणि नवा रॉड गळ्यात मारणारे दुकान पहिल्याच परीक्षेत नापास समजावे.

मापनकेंद्रांबद्दल मात्र थोडे वेगळे म्हणायचे आहे. केंद्र जिथे आहे तिथले पाणी ते दाखवते. काल संध्याकाळी वरच्या खोऱ्यात वळवासारखा पाऊस कोसळून लामार आज सकाळी पिवळी झाली आहे का, हे त्या आलेखावरून नेमके उमगत नाही. लामार आणि सोडा ब्युट यांच्या काठची माती भुसभुशीत आहे, एका जोरदार सरीनंतर तिथे दिवसभर फ्लाय दिसेनाशी होते. गावातून निघण्यापूर्वी दुकानात फोन केला, तर आदल्या संध्याकाळी तिकडून परतलेल्या गाईडने काय पाहिले ते कळते, आणि चार तासांची जा-ये वाचते. दुकानाकडून विकत घेण्यासारखी वस्तू खरे तर ही बातमी आहे. ती फुकट देतात, म्हणून तिच्या मोबदल्यात तिथून टिपेटचे (फ्लाय बांधायच्या बारीक दोऱ्याचे) एखादे रीळ आणि अर्धा डझन फ्लाय घ्याव्यात, एवढा व्यवहार माझ्या मते रास्त आहे. संकेतस्थळावरचा ‘नदीचा अहवाल’ वाचताना त्याखालची तारीख आधी पाहावी. जुलैमध्ये आठवडाभर जुना अहवाल निरुपयोगी असतो, आणि ज्या दुकानाचा अहवाल वर्षानुवर्षे ‘मासेमारी उत्तम’ एवढेच सांगतो, ते दुकान सोडून द्यावे.

गाईडबद्दल मध्यममार्ग सुचवतो. मिळणारच असेल तर पहिल्याच दिवशी घ्यावा, शेवटच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी शिकलेले पुढचे तीन दिवस कामी येते. उद्यानातल्या नद्यांवर नावेतून मासेमारी करता येत नाही, तिथे गाईड तुमच्याबरोबर पायीच असतो. नावेतली सफर उद्यानाबाहेरच्या मॅडिसनवर असते, आणि तिथेही क्वेक लेकपासून लायन्स ब्रिजपर्यंतच्या टप्प्यात नाव केवळ जाण्यासाठी वापरायची, गळ टाकायचा तर खाली उतरून पाण्यात उभे राहायचे, असा नियम आहे. दुकानाला उद्यानात गाईड नेण्याची परवानगी आहे का, हे स्पष्ट विचारावे. सगळ्यांना ती असतेच असे नाही.

हिमाचलवारी:

मी पुण्याचा. तीर्थन आणि बरोट भागात ब्राउन ट्राउटसाठी जातो, आणि मागे एकदा यलोस्टोनलाही जाणे झाले. आपल्याकडे हिमाचलात नदीकाठी असे दुकान जवळजवळ नसतेच, म्हणून आपण सगळे बाडबिस्तर घरून नेतो, आणि त्याच सवयीने अमेरिकेतही नेतो. तिथे ही सवय अंगाशी येऊ शकते, कारण आपल्या सामानातल्या अनेक वस्तू यलोस्टोनमध्ये चालत नाहीत.

तळाला नमद्यासारखे फेल्ट लावलेले बूट उद्यानात २०१८ पासून बंद आहेत. रबरी तळाचेच बूट लागतात. शिशाची वजने चालत नाहीत, बिनविषारी धातूची घ्यावी लागतात. गळाच्या टोकामागचा उलटा काटा नसावा लागतो. असेल तर तो चिमट्याने दाबून सपाट करायचा. फायरहोल आणि मॅडिसन या नद्या, तसेच गिबन नदीचा तिच्या धबधब्याखालचा भाग, केवळ फ्लाय फिशिंगसाठी राखलेले आहेत. चांगल्या दुकानात या गोष्टी तुम्ही न विचारता सांगितल्या जातात. मी गेलो होतो त्या दुकानातल्या मुलीने माझी फ्लायची डबी मागून घेतली, प्रत्येक गळावरून कापसाचा बोळा फिरवला, आणि जिथे तो अडकला तिथला काटा दाबून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

फेल्टवरची बंदी कशासाठी, हेही सांगायला हवे. फेल्टमध्ये ओल टिकून राहते आणि तिच्याबरोबर एका नदीतले जीवजंतू दुसऱ्या नदीत जातात. न्यूझीलंडमधली बारीक चिखलगोगलगाय उद्यानाच्या पाण्यात १९९४ मध्ये आढळली, आणि ट्राउटच्या पिल्लांना गरगर फिरायला लावून मारणारा व्हर्लिंग डिसीज हा रोगही त्याच वर्षी मॅडिसनमध्ये सापडला. म्हणून भाड्याचे वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार) आणि बूट घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘हे परत आल्यावर तुम्ही धुऊन पूर्ण वाळवता का?’ उत्तर देताना विक्रेत्याने आतल्या खोलीतली वाळवणीची व्यवस्था दाखवली तर उत्तम. ओलसर, कुबट वास येणारे बूट हातात ठेवले तर भाडे कितीही कमी असो, घेऊ नयेत. घरचे साहित्य नेणार असाल, तर न्यू जर्सीतली माती त्यावर राहू देऊ नये, हे ओघाने आलेच.

माझ्या मते रॉड आणि रीळ घरचे न्यावे, वेडर आणि बूट तिथे भाड्याने घ्यावेत, आणि फ्लाय तिथेच विकत घ्याव्यात. ‘जुना गळ’ यांनी सांगितलेल्या फ्लाय बरोबर आहेत, फक्त कोणता क्रमांक आणि कोणता रंग हे त्या आठवड्यावर ठरते.

सह्याद्रीपार:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फायरहोलचा बेत रद्द केला आहे. घरच्यांसोबत मीही गरम झरे पाहीन, आणि मासेमारीसाठी एक दिवस गॅलॅटिन व एक दिवस लामारचे खोरे असे ठरवतो. आणखी दोन शंका आहेत. मुलीलाही रॉड हातात घ्यायचा आहे, तिला परवाना लागतो का? आणि आतापर्यंत कोणीही दुकानाचे नाव घेतलेले नाही. हे मुद्दाम आहे का?

डेन्व्हरकर:

नावे घ्यायला हरकत नाही. दुकान मात्र शेवटी काउंटरमागे त्या दिवशी कोण उभे आहे त्यावर ठरते. वेस्ट यलोस्टोनमध्ये ब्लू रिबन फ्लाइज हे नाव सर्वांत आधी ऐकू येते. ते सुरू करणारे क्रेग मॅथ्यूज या गावात पोलीस प्रमुख म्हणून आले होते. स्पार्कल डन ही पाण्यावर तरंगणारी फ्लाय त्यांच्यामुळे सर्वत्र पोचली, आणि विक्रीतला १ टक्का निसर्गरक्षणाला देणाऱ्या उद्योगांची संघटना त्यांनी पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीच्या इव्हॉन श्विनार्ड यांच्याबरोबर २००२ मध्ये उभी केली. त्याच गावात ॲरिक्स आणि बिग स्काय अँगलर्स ही दुकानेही आहेत. वर दिलेली फायरहोलची परीक्षा तिन्ही ठिकाणी घ्यावी आणि जिथे जमेल तिथे थांबावे. अंतर पायी चालण्याइतकेच आहे.

लामारच्या दिवसासाठी मात्र वेगळे सुचवतो. त्या खोऱ्याची ताजी बातमी उत्तर प्रवेशद्वाराच्या गार्डिनर गावात अधिक चांगली मिळते, आणि तिथले पार्क्स फ्लाय शॉप १९५३ पासून चालू आहे. सकाळी फोन तिथे करावा. परतीच्या वाटेवर लिव्हिंगस्टन लागत असेल, तर डॅन बेली यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले दुकान खरेदीसाठी नसले तरी पाहण्यासाठी गाठावे. ४ पौंडांच्या वरच्या ट्राउटच्या बाह्याकृती तिथल्या भिंतीवर लावण्याची परंपरा होती.

मुलीबद्दल: १६ वर्षांखालील मुलांना शुल्क पडत नाही. तिच्या नावाचा विनामूल्य परवाना घेता येतो, किंवा परवानाधारक प्रौढाच्या देखरेखीखाली तिला परवान्याशिवायही मासेमारी करता येते. दोन्ही बाबतींत नियम पाळले जातात की नाही याची जबाबदारी तुमच्यावर असते. लहान मापाचे वेडर सगळीकडे मिळत नाहीत, म्हणून दुकान ठरवताना तिची उंची आणि बुटाचे माप आधीच फोनवर सांगून वेडर राखून ठेवायला सांगावे. न मिळाल्यास जुलैच्या उन्हात गॅलॅटिनच्या काठावरूनच तिला लाइन टाकू द्यावी. पाणी थंडगार असते आणि नुसत्या पायांनी फार वेळ उभे राहवत नाही.

लामारला जाण्यापूर्वी दुकानात एक गोष्ट चित्रावर दाखवून मागावी: कटथ्रोट आणि रेनबो ट्राउट यांतला फरक. कटथ्रोटच्या जबड्याखाली केशरी-तांबडी रेघ असते आणि ती मूळची असल्यामुळे तिला सोडावेच लागते. लामार नदीच्या पुलाच्या वरच्या खोऱ्यात मात्र रेनबो, ब्रूक ट्राउट आणि ओळखू येणारे संकर सापडले तर ते मारावेत, पाण्यात परत सोडू नयेत, असा उद्यानाचा नियम आहे, कारण रेनबोशी संकर होऊन मूळ कटथ्रोटचा वंश पुसला जातो. ज्याला कोणताही मासा मारणे नकोसे वाटते त्याने हे आधीच माहीत करून घेतलेले बरे. मुलीलाही काठावर पोचण्याआधीच सांगून ठेवावे. चांगल्या दुकानात हे समजावून सांगायला पाच-दहा मिनिटे कोणीही देतो.

अस्वलासाठीचा फवारा विमानातून नेता येत नाही, तो गावातच विकत किंवा भाड्याने घ्यावा. तो पिशवीत न ठेवता कमरेला कसा लावायचा आणि त्याची सुरक्षा-पट्टी कशी काढायची हे विक्रेत्याकडून तिथल्या तिथे करून पाहावे. अस्वले आणि लांडगे यांच्यापासून १०० यार्ड, गव्यांपासून २५ यार्ड अंतर राखावे लागते. मासा लागलेला असताना गवा पाण्याकडे येऊ लागला तर टिपेट तोडून मागे सरकावे.

आणि दुकानात सकाळी ७ ते ९ या वेळेत जाऊ नका. त्या वेळी गाईड आणि त्यांचे गिऱ्हाईक काउंटरला गर्दी करतात, नवख्या माणसाला कोणी दोन शब्दही नीट बोलू शकत नाही. गावात पोचाल त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जा. दुकान रिकामे असते आणि नकाशा पसरायला काउंटरवर जागाही असते.